हातकुऱ्हाडीची परीक्षा



इतिहासाच्या पुस्तकातली अश्मयुगीन हातकुऱ्हाड आठवते? तिच्या घडणीने कापण्यात किती फरक पडतो, हे अ‍ॅलिस्टर की व स्टीफन लायसेट या पुरातत्त्वज्ञांनी तपासलं. नव्याने घडवलेल्या ५०० हातकुऱ्हाडींनी प्रयोगशाळेत कापून पाहिलं. २०१७ साली निष्कर्ष छापून आला : घडण बरीच बदलली तरी काम जवळपास तसंच होतं, कुऱ्हाड फारच हलकी असेल तरच अडतं.

सॉफ्टवेअर तपासणं हे माझं रोजचं काम, तरी हे वाचून मी थबकले. शाळेत माझं अक्षर सुबक, म्हणून बाकावरच्या शेजारणीच्या वेड्यावाकड्या वहीला मी हसायचे. गणितं मात्र तिचीच आधी सुटायची.

ती आज समोर बसली आहे. चुकलं गं माझं!