कळसूची अट



कळसूबाईला जायचं, असं आम्ही पाचजणी गेली अकरा वर्षं ठरवत होतो. शाळेपासूनच्या मैत्रिणी. दरवर्षी काही ना काही निघायचं. कुणाच्या मुलाची दहावी, कुणाच्या सासूबाईंचा मोतीबिंदू, कुणाचा गुडघा. यंदा पन्नाशी उलटल्यावर लक्षात आलं, की गुडघा बरा होण्याची वाट बघत बसलो तर दुसराही जाईल. मग गुडघ्यासकट निघालो.

दिवस निवडला तो दसरा आणि कोजागिरीच्या मधला. नवरात्रात वर देवीची यात्रा असते, शिड्यांपाशी रांगा लागतात. पावसाळ्यात गेलं तर ढगात शिरून ढगातूनच परत यायचं. पायाखालची लाल माती सोडून काही दिसत नाही. आश्विनात मात्र आकाश धुऊन वाळत घातल्यासारखं असतं. फक्त उन्हाच्या आधी निघायचं. पाऊस गेलेला, ढग नाहीत, जमीन अजून ओली. म्हणजे वरून ऊन आणि खालून वाफ. ऑक्टोबरचा उकाडा आपण शहरात पंख्याखाली बसून सोसतो, तो उघड्या कातळावर कसा लागत असेल, ते तुम्हीच बघा.

आदल्या रात्री बारी गावात एका घरी उतरलो. बारी म्हणजे अकोले तालुक्यातलं, शिखराच्या पायथ्याचं गाव. पहाटे साडेचारला घरच्या ताईंनी चहा दिला आणि आमच्या बुटांकडे बघून हसू दाबलं. त्या स्वतः नवरात्रात अनवाणी चढतात, हे नंतर कळलं.

सुरुवातीची वाट भाताच्या खाचरांच्या बांधावरून जाते. लोंब्या भरून वाकल्या होत्या, दवानं जड झाल्या होत्या. चालताना सलवारी पोटऱ्यांपर्यंत भिजल्या. बॅटरीच्या उजेडात बांधावर एक खेकडा नांगी उगारून उभा राहिला. त्याला वळसा घालून आमच्या मोहिमेची सुरुवात झाली.

उजाडलं तेव्हा आम्ही पहिल्या टप्प्यावर होतो. खाली सोनकी सुकायला लागली होती, पण जसजसं वर जावं तसतशी ती ताजी. पिवळीधमक. शेवटी शेवटी तर कातळाच्या प्रत्येक भेगेत तीच. सह्याद्रीतली ही फुलं आठवड्यांच्या हिशेबानं जगतात. कारवीसारखं सात-सात वर्षं थांबणं त्यांना परवडत नाही.

मग लोखंडी शिड्या. पूर्वी इथं साखळ्या धरून चढत असत. आता तीन-चार ठिकाणी कातळाला शिड्या ठोकल्या आहेत. पायऱ्या रुंद आहेत, कठडे आहेत, भिण्यासारखं काही नाही, असं मी घरून निघताना सगळ्यांना सांगितलं होतं. पहिल्या शिडीच्या मध्यावर मीच थांबले. पायऱ्यांच्या फटीतून खालचं गाव दिसत होतं, काड्यापेटीएवढं. मागून आमची बँकेतली मैत्रीण म्हणाली, "काउंटर बंद आहे का?" तेवढ्यानं पाय हलला.

दुसऱ्या शिडीनंतर एका सपाटीवर लिंबू सरबताचं दुकान लागलं. दुकान म्हणजे चार बांबू, वर निळा कागद. सरबत देणाऱ्या बाईंनी पाण्याचा हंडा खालून डोक्यावर आणला होता. रोज आणतात. आम्ही पाठीवर एकेक बाटली घेऊन धापा टाकत होतो. त्यानंतर सरबताची घासाघीस करायची कुणाची हिंमत झाली नाही.

त्यांच्याकडून पुन्हा एकदा कळसूची गोष्ट ऐकली. तुम्हाला ठाऊक असेल, तरी सांगते. कळसू ही कोळ्याची मुलगी, रानात रमणारी. ती पायथ्याच्या इंदोरे गावात एका घरी कामाला राहिली, पण आधीच अट घालून: भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. बाकी म्हणाल ते काम करीन. घरच्यांनी कबूल केलं. बरेच दिवस सुरळीत गेले. एक दिवस पाहुणे आले, घाईगडबडीत कुणीतरी तिला भांडी घासायला आणि कचरा काढायला सांगितलं. तिनं ते केलं. भांडण नाही, रडणं नाही. काम पुरं केलं आणि डोंगराची वाट धरली, ती पुन्हा खाली आलीच नाही. जिथं भांडी घासली ते थाळेमेळ, जिथं केर काढला तो काळदरा. 1884 साली छापलेल्या नगर जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्येही ही हकिगत आहे.

मला यातली अट फार आवडते. देवी व्हायला लोक राक्षस मारतात. हिनं फक्त दिलेला शब्द मोडला गेला म्हणून घर सोडलं. आणि महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, 1646 मीटरचं, या मोलकरणीच्या नावावर आहे. कुठल्या राजाच्या नाही.

साडेनऊला माथ्यावर पोचलो. देऊळ इवलंसं, शेंदरी. आत तिघीजणी दाटीवाटीनं मावतात. बाहेर वारा असा, की ओढणी सांभाळायची की टोपी, हा प्रश्न. दक्षिणेला भंडारदऱ्याचा जलाशय, प्रवरेवरच्या 1926 साली पुऱ्या झालेल्या धरणाचा, काठोकाठ भरलेला. त्याच्यामागे रतनगड आणि त्याचा खुट्टा. पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग एका ओळीत. शाळेच्या नकाशात मी हे सगळं तपकिरी रंगानं भरलं होतं. प्रत्यक्षात ते निळं होतं, मागचं अधिक फिकं.

कुणीच बोलत नव्हतं. आणि तेवढ्यात फोन वाजला. माथ्यावर रेंज उत्तम. आमच्यातल्या एकीच्या घरून होता. तिनं ऐकलं, डोळे मिटले आणि वाऱ्यावर आवाज चढवून म्हणाली, "मिक्सरचं भांडं ओट्याखालच्या दुसऱ्या कप्प्यात आहे. हो, पातेल्याच्या मागे. पातेल्याच्या मागे!"

हसून हसून आम्ही देवळाच्या पायरीवर बसलो. देवीला काय वाटलं असेल, कोण जाणे.

उतरताना गुडघ्यांनी सगळा हिशेब चुकता करून घेतला, त्याबद्दल बोलत नाही. दोन वाजता बारीत ताईंच्या पडवीत टेकलो. तांदळाची भाकरी, पिठलं, खलबत्त्यातला ठेचा आणि कच्चा कांदा. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. घरी एक खाते.

जेवण झालं तशा आम्ही आपापली ताटं उचलायला लागलो. ताईंनी हातातून काढून घेतली. म्हणाल्या, "कळसूआईवरून आलात. आज भांडी नाही घासायची."

आणि पाचही ताटं घेऊन त्या मागच्या अंगणात, रांजणापाशी, घासायला बसल्या.

आमच्यात क्षणभर शांतता. मग बँकेतली मैत्रीण उठली, बूट काढले, त्यांच्या शेजारी उकिडवी बसली आणि विसळायला लागली. गुडघा तिचाच दुखत होता.