साठ की आठ? आवाजाच्या रुंदीची गोष्ट

'साठ' म्हणा. आता त्यातला 'स' गाळा. उरलं काय? 'आठ'. आजचा एपिसोड या एका 'स'बद्दल आहे.

मी नोकरीने सॉफ्टवेअरवाला, छंद हॅम रेडिओचा. हॅम म्हणजे सरकारी परीक्षा देऊन, परवाना काढून हौसेने रेडिओवर बोलणारी मंडळी. आवाज पाठवायच्या आमच्या तीन जुन्या पद्धती आहेत आणि प्रत्येकीला हवेत वेगळी जागा लागते. ही जागा म्हणजे बँडविड्थ. एफएमला साधारण 16 किलोहर्ट्झ, एएमला 6 आणि एसएसबीला जेमतेम 3.

एवढा फरक का? एएममध्ये तोच आवाज दोनदा जातो, मधल्या वाहक लहरीच्या दोन्ही बाजूंना. ती वाहक लहर स्वतः काहीच बोलत नाही, पण बहुतेक वीज तीच खाते. एसएसबी वाहक लहर काढून टाकतं आणि एकच बाजू पाठवतं. एफएममध्ये आवाज तोच 3 किलोहर्ट्झचा, पण तो पसरवून पाठवतात. सिग्नल जोरात असेल तर खरखर दबते. सिग्नल कमजोर झाला की मात्र एफएम एकदम ढेपाळतं. एसएसबी अरुंद खिडकीसारखं आहे, पाऊस आत कमी येतो. म्हणून तेवढ्याच ताकदीत ते लांबवर समजतं.

आता आमचा कर्जत-खालापूरचा भाग बघा. एकीकडे माथेरान, दुसरीकडे सह्याद्रीचा कडा. हातातल्या सेटचं 2 मीटर बँडवरचं एफएम जवळपास सरळ रेषेत जातं. मध्ये डोंगर आला की बोलणं खुंटलं. तिथे 40 मीटरचा बँड कामाला येतो. तार जमिनीपासून फार उंच न बांधता ताणली की लहर वर जाते, आयनोस्फिअरवरून परतते आणि डोंगरापलीकडे उतरते. पण हा बँड आपल्याकडे 7000 ते 7200, म्हणजे फक्त 200 किलोहर्ट्झचा. एफएमने त्यात 12 संभाषणं मावतील, एसएसबीने 66. म्हणून तिथे एसएसबीच चालतं.

पण 'स'मधली बरीचशी ऊर्जा 4 किलोहर्ट्झच्या वर असते. 3 किलोहर्ट्झवर कात्री लागली की 'स' पुसट होतो, आणि त्यात खरखर मिसळली की गायबच.

19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यात इरसाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता, मदतपथकं पावसात डोंगर चढून गेली. अशा जागेवरून उद्या कुणी रेडिओवर 'साठ जण अडकलेत' असं सांगितलं आणि खाली 'आठ' ऐकू आलं, तर स्ट्रेचर किती पाठवणार? माणसं किती पाठवणार?

उपाय साधा आहे. 'साठ' म्हणायचं नाही, 'सहा, शून्य' म्हणायचं. एकेक अंक सुटा बोलायचा. 'सहा'चा 'स' गेला तर 'दहा' वाटेल ना? वाटू दे. सुट्या अंकांत दहा नसतोच, त्यामुळे ऐकणाऱ्याला कळतं की हा सहाच. मग त्याने आकडा परत म्हणून दाखवायचा. तुम्ही 'बरोबर' म्हटल्याशिवाय निरोप पोचला असं धरायचं नाही.

हे करायला परवाना लागत नाही. रेंज कमी असताना फोनवरून कुणाला रक्ताच्या बाटल्या, गाडीचा नंबर किंवा माणसांची संख्या सांगायची वेळ आली, तर अंक सुटे बोला आणि समोरच्याकडून परत म्हणवून घ्या.