मातीचा पोत आणि गवताचे स्फुरद



बंगळूरच्या वायव्येस हेसरघट्टा येथे अर्कावती नदीवर १८९४ साली बांधलेला एक जलाशय आहे. त्याच्या परिसरातील गवताळ माळ येणाऱ्याजाणाऱ्यास पडीक वाटतो. अशा माळावरची माती ओली करून तळहातावर वळून पाहावी. उंचवट्यावरची माती सामान्यतः भुरभुरते. उताराच्या तळाशी घेतलेल्या मातीची वळी होते, ती बोटांना चिकटते. पहिलीत वाळू अधिक, दुसरीत चिकणमाती. मृदाशास्त्रात यालाच पोत म्हणतात. शेतकऱ्याला हे शास्त्राआधीपासून ठाऊक आहे.

चिकणमातीचा कण मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहूनही लहान असतो. एक मिलिमीटर बाजूचा घन फोडून त्याचे सहस्रांश मिलिमीटर बाजूचे तुकडे केले, तर एकूण पृष्ठभाग हजारपट होतो, आणि स्फुरदाचा बराचसा व्यवहार या पृष्ठभागावर चालतो. बंगळूरच्या मातीचा तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडांचा आहे. लोहाची व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे बारीक कणांवर लेपासारखी बसतात आणि फॉस्फेटला घट्ट धरून ठेवतात. म्हणून चिकण जमिनीत एकूण स्फुरद बहुधा अधिक असते, पण गवताच्या वाट्याला त्यातले थोडेच येते. कणगी भरलेली, पण तोंड लिंपलेले. वाळूसर जमिनीत साठाच तुटपुंजा, आणि जो असतो तो सैल धरलेला. महाराष्ट्रातील चुनखडीयुक्त काळ्या मातीत हेच बंधन मुख्यतः कॅल्शियमचे असते. तेव्हा कण केवढा एवढेच पाहून भागत नाही, तो कशाचा हेही पाहावे लागते.

मग गवत जगते कसे? कुजलेली मुळे आणि गुरांचे शेण यांतील स्फुरद जिवाणू हळूहळू मोकळे करतात. शिवाय मुळांशी सहजीवन करणारी कवके आपले तंतू मुळांच्या आवाक्यापलीकडे पसरून ते आणून देतात. या कवकांवर बंगळूरच्या कृषी विद्यापीठात डी. जे. बाग्यराज यांनी दीर्घकाळ संशोधन केले.

हा संथ व्यवहार गवताच्या जाळीखाली सुरक्षित असतो. ती जाळी खड्ड्यांनी वा वाहनांनी फाटली, की पावसाचे पाणी बारीक कण सहज उचलते, आणि त्यांना चिकटलेले स्फुरदही त्यांच्याबरोबर जाते. गेलेला नत्र शेंगवर्गीय वनस्पतींच्या मुळांवरील जिवाणू हवेतून परत आणतात. स्फुरदाचा असा साठा हवेत नाही. ते जलाशयाच्या तळाशी बसते. तेथील चिखलात प्राणवायू संपला की लोहाची पकड सुटते आणि माळावर गवताला न मिळालेले फॉस्फेट पाण्यातल्या शेवाळाला सहज मिळते.

उन्हाळ्यात तळ्याचा गाळ गाड्यांनी शेतात नेण्याची रीत या प्रदेशात जुनी आहे. माळावर तो कोण नेणार?