पाट, हलमा आणि फड

मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यातील बाग हे गाव लेण्यांसाठी आणि बागिनी नदीकाठच्या कापडछपाईसाठी प्रसिद्ध आहे. या डोंगराळ भिल्ल-भिलाला पट्ट्यात पाणी आणि जंगल ही सामाईक संपत्ती सांभाळण्याच्या जुन्या रीती आहेत.

शेजारच्या अलीराजपूर जिल्ह्यातील भिताडा गावची ‘पाट’ पद्धत त्यांपैकी एक. पावसाळा संपला की गावकरी ओढ्यात दगडांचा बांध रचतात. फटी सागाची पाने आणि चिखल भरून बुजवतात. अडवलेले पाणी डोंगरउतारावरून खोदलेल्या पाटाने शेतांपर्यंत येते. पुरात बांध वाहून जातो, म्हणून दरवर्षी दुरुस्ती करावी लागते. श्रम सर्वांचे असतात आणि पाणी प्रत्येक घराला पाळीपाळीने मिळते. त्यावर गहू-हरभरा पिकतो.

झाबुआ भागात ‘हलमा’ ही प्रथा आहे. अडलेल्याच्या हाकेला गाव धावते आणि विनामोबदला काम करते. झाबुआजवळच्या हाथीपावा टेकडीवर पाणी जिरवणारे चर याच प्रथेने खोदले गेले.

महाराष्ट्रात पांझरा आणि मोसम नद्यांवरील फड पद्धती अशीच आहे. बंधाऱ्याखालची जमीन फडांत, म्हणजे भागांत, विभागलेली असते, एका फडात एकच पीक घेतात आणि पाटकरी पाणी वाटतो.

अशा व्यवस्थांच्या अभ्यासासाठी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. हद्द, पाळी आणि देखरेख वापरणाऱ्यांनीच ठरवली, तर सामाईक साधन टिकू शकते, असे त्यांनी दाखवून दिले.