अंगणातली हरळी



बुलढाणा जिल्ह्यातल्या बीबीसारख्या गावात
अंगणात हिरवळ करायची आहे?
मग महागडं गवत आणायची गरज नाही.
आपली हरळी पुरे.
शेतात ती डोईजड होते,
पण अंगणात तिच्यासारखं चिवट गवत नाही.

आधी माती बघा.
आपली काळी माती पावसात चिकट होते, उन्हाळ्यात भेगाळते.
तिच्यात रेती आणि चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा.
पाणी तुंबू नये, म्हणून थोडा उतार द्या.

पावसाळा लागला, की लावणी करा.
मुळ्यांसकट हरळीच्या काड्या वीतभर अंतरावर लावा.
पेर मातीत दाबा. तिथूनच नवी मुळं फुटतात.
जागा मात्र उन्हाची हवी.
निंबाच्या दाट सावलीत हरळी विरळ होते.

आता मुख्य गोष्ट, पाण्याची.
हरळी रुजली, की रोज वरवर शिंपडू नका.
त्यानं मुळं वरच राहतात आणि उन्हात होरपळतात.
पाणी कमी वेळा द्या, पण खोलवर द्या.
सकाळी द्या.
मग खुरप्याचं टोक खुपसून बघा.
चार बोटं खाली ओल लागली, म्हणजे झालं.

कापताना पात्याचा वरचा तिसरा भागच काढा.
बुडापासून खरडू नका.
लव्हाळा दिसला, तर गाठीसकट उपटा.

आणि हो, कडेनं विटा खोलवर पुरा,
नाहीतर हरळी भाजीच्या वाफ्यात शिरेल!

पुन्हा सांगते, श्रोतेहो:
पाणी कमी वेळा, पण खोलवर.