भिंतीवरची भाकरी
(महाबळेश्वर येथील मोहल्ला बैठकीतील भाषण)



मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो, पण घर इथंच आहे. आज माझ्याच घरातली चूक सांगायला उभा आहे.

अम्मी रोज सकाळी अंगणाच्या भिंतीवर शिळी भाकरी ठेवायची. लाल तोंडाची माकडं यायची, खाऊन जायची. तिला वाटायचं, सवाब मिळतो. मी व्हिडिओ काढायचो. गेल्या पावसाळ्यात एक दिवस भाकरी ठेवायला उशीर झाला. माकड थेट स्वयंपाकघरात शिरलं आणि भाचीच्या हातातला बिस्किटाचा पुडा ओढताना तिच्या मनगटाला चावलं. मग रेबीजची इंजेक्शनं. ती अजून अंगणात एकटी जात नाही.

यात माकडाची काय चूक? माणसाच्या हातात खाणं असतं, हे आम्हीच त्याला शिकवलं.

आर्थर सीटला पर्यटकही तेच शिकवतात. चणे, वेफर्स देतात. मग माकडं हातातली बाटलीसुद्धा हिसकावतात. जूनमध्ये पाऊस लागतो, पॉइंट ओस पडतात. सवय लागलेला कळप मग आपल्याच पत्र्यांवर येणार.

जंगलात उंबर, जांभूळ, करवंद, कोवळा पाला, किडे आहेत. फळं खाऊन माकडं बिया पसरवतात, जंगल वाढवतात. आयतं मिळालं की रस्त्याकडेला बसतात, आपसात भांडतात, गाडीखाली येतात. आपल्या दयेची किंमत आधी माकड मोजतं, मग शेजाऱ्याचं पोर.

कुणी विचारेल, तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याची हदीस विसरलास का? नाही विसरलो. तो कुत्रा तहानेनं व्याकूळ होता. जखमी माकड दिसलं तर वन खात्याला कळवा, ती दया. धडधाकट माकडाला वेफर देणं ही दया नव्हे.

कुत्र्यांची गोष्ट वेगळी, ती माणसांच्याच आधारानं जगतात. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार वस्तीत त्यांना खाऊ घालायची जागा मुलांच्या खेळण्यापासून, जिन्यांपासून, दारांपासून लांब हवी. आपणही एक जागा, एक वेळ ठरवू. आणि नसबंदी व लसीकरणासाठी नगरपालिकेच्या मागे लागू.

बाकी तीनच गोष्टी. भिंतीवर अन्न नको. कचऱ्याच्या डब्याला घट्ट झाकण हवं. दुकानदार आणि घोडेवाले भावांनो, पर्यटकांना तुम्हीच सांगा, तुमचं ऐकतील. आणि कुणाला चावलंच, तर जखम १५ मिनिटं साबण-पाण्यानं धुऊन लगेच दवाखाना गाठा.

अम्मी आता शिळी भाकरी शेजारच्या चाचांच्या शेळीला देते. काही आठवडे माकडं भिंतीवर बसून वाट बघायची. अम्मीला फार वाईट वाटायचं. मग ती यायची थांबली.