अर्पणपत्रिकेतील ऋण

डॉ. भीमराव आंबेडकर यांचा ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थकारणाच्या विकासाविषयीचा ग्रंथ १९२५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याची अर्पणपत्रिका, म्हणजे ग्रंथ ज्यांना वाहिला त्यांचे नाव सांगणारे पान, बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या नावे होती आणि शिक्षणाच्या कामी त्यांनी केलेल्या साहाय्याचा तीत कृतज्ञतेने उल्लेख होता.

हे साहाय्य नेमके कोणत्या वेळी पोहोचले, हे पाहिल्याशिवाय त्याचे मोल कळत नाही. एल्फिन्स्टन महाविद्यालयात इंटरची परीक्षा, म्हणजे पदवीच्या अलीकडचा टप्पा, पार होईपर्यंत आंबेडकरांचे वडील, निवृत्त सुभेदार रामजी सकपाळ यांनी मुलाच्या शिक्षणाचा भार ओढाताण करून पेलला. पुढचा खर्च मात्र त्यांच्या आवाक्याबाहेर गेला. तेव्हा शिक्षक व ग्रंथकार कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी महाराजांकडे शब्द टाकला, भेट घडवून आणली आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली, म्हणूनच त्या विद्यार्थ्याला बी. ए. पूर्ण करता आले. पुढे १९१३ साली कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणासाठी बडोदा संस्थानाने दरमहा साडेअकरा पौंड तीन वर्षांकरिता मंजूर केले. त्याबदल्यात शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार झाला. वर उल्लेखिलेला ग्रंथ याच अध्ययनातून उभा राहिला.

करार मात्र पुरा होऊ शकला नाही. १९१७ साली नोकरीसाठी बडोद्यात आलेल्या या विद्वानाला अस्पृश्य म्हणून कचेरीत अवहेलना सोसावी लागली, राहायला जागाही मिळू दिली गेली नाही, आणि अखेर शहर सोडावे लागले. त्यानंतर आठ वर्षांनी ती अर्पणपत्रिका लिहिली गेली, ही गोष्ट फार मोलाची आहे, कारण समाजाने केलेल्या अन्यायाची धग कायम असतानाही दात्याचे ऋण त्यात जळून गेले नाही, आणि त्या ऋणापोटी अन्यायाविरुद्धचा आवाजही दबला नाही.

या सर्व इतिहासात केळुसकरांचे काम सर्वांत कमी बोलले जाते. त्यांच्या हाती संस्थानचा खजिना नव्हता. गुणी विद्यार्थी आणि समर्थ दाता यांची गाठ वेळेवर घालून देणे एवढेच त्यांना शक्य होते, आणि ते त्यांनी केले. ज्या श्रोत्यांच्या परिचयात फीअभावी महाविद्यालय सोडण्याच्या बेतात असलेला विद्यार्थी असेल, त्यांनी फी भरण्याची मुदत टळण्यापूर्वी त्याच्यासाठी कोणाकडे तरी शब्द टाकावा.